पास्कलची उभं राहण्याची जागा

पास्कल,

तुझ्या अंत्यविधीला वाकोल्याचं चर्च गच्च भरलं होतं आणि उरलेली माणसं बाहेर आवारात उन्हात उभी होती. मीही बाहेरच होते, कारखान्यातल्या लोकांबरोबर. तुला खोटं कशाला सांगू, मला तुझा हेवा वाटला. एवढी माणसं! माझ्या वेळी आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले चार शेजारी येतील आणि एक भाचा येईल, तोही घड्याळाकडे बघत. असलं काही मनात यायची ती वेळ नव्हती. पण तुझ्या बाबतीत माझा हेवा कधी वेळ बघून आलाच नाही आणि तुला ते पक्कं ठाऊक होतं. "कुमुद, जळल्याचा वास इथवर येतोय गो, खिडकी उघड," असं तू भर कारखान्यात ओरडून सांगायचास.

तुझं गुणगान करायला मी लिहायला बसलेली नाही. ते फादरनी केलं, मग शेठनीही आपल्या धेडगुजरी हिंदीत केलं आणि मधेच त्यांना हुंदका आला. रेजीना तुझ्या पेटीवर डोकं टेकून रडली. तिचा तो हक्कच होता, बायको आहे ती तुझी. पंधरा वर्षं रोज भांडणाऱ्या बाईचा नक्की काय हक्क असतो, हे मला तिथे उभं राहून कळेना. म्हणून मी नुसती उभी राहिले आणि परत आले.

पण आपलं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. तुझा आकडा बरोबर की माझा. ते गेल्या आठवड्यात मिटलं. कसं मिटलं ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्याशिवाय ते ऐकून कोणाचं काही हलणार नाही.

आठवतं, शेठनी आपल्याला एकाच दिवशी मुलाखतीला बोलावलं होतं? अंधेरीला, मरोळच्या बाजूची पत्र्याची शेड, बाहेर एकच लाकडी बाक, आणि त्या अख्ख्या बाकावर तू. उंच, रुंद, पायाशी टोपी. "जरा बाजूला सरा," मी म्हणाले. तुझ्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य. पुढे 'सरा'चं 'सर' झालं, बाकी वाक्य तेच राहिलं.

आत शेठनी टेबलावर एक विलायती यंत्र ठेवलं होतं. उभ्या दांड्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या. वाऱ्याने वाट्या फिरतात आणि त्या किती फिरल्या त्यावरून वारा किती ते काढायचं. शेठना तसली यंत्रं इथे बनवायची होती. त्यांनी विचारलं, "ये सच बोलता है के झूठ, कैसे मालूम पडेगा?" मी कागद मागितला. वाटीच्या पोटावर वाऱ्याचा जोर किती, पाठीवर किती, त्या दोहोंच्या फरकाने वाटी किती वेगात फिरेल, हे मी मांडत गेले. चांगली मांडत होते. एम.एस्सी.ला गणितात पहिल्या वर्गात आले होते मी. आणि तू काय केलंस? खाली वाकलास आणि त्या वाट्यांवर फुंकर मारलीस. मग म्हणालास, "साहेब, मना एक पंखा द्या नि एक लांब पेटी बनवून द्या. मग सांगतो."

शेठ खदखदा हसले आणि जागा एकच असून त्यांनी दोघांनाही ठेवून घेतलं. तुला पंखा, एक सुतार आणि स्वतंत्र खोलीची किल्ली मिळाली. मला टेबल, खिडकी आणि हँडल फिरवून हिशेब करायचं यंत्र मिळालं. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. तूही काही अडाणी नव्हतास. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला, पुस्तकं माझ्याइतकीच वाचलेला. पण तुझ्या हातात काही दिलं की ते चालायला लागायचं, आणि माझ्या हातात दिलेल्या गोष्टीचा कागद व्हायचा.

तुझा तो बोगदा मात्र झकास झाला होता, हे मी तेव्हाही म्हणाले होते. प्लायवूडची माणूसभर उंचीवरची लांब पेटी, एका टोकाला कर्ण्यासारखं पसरट तोंड, दुसऱ्या टोकाला पंखा. पंखा हवा ओढून मागे फेकायचा आणि तीच हवा खोलीतून वळसा घालून पुन्हा तोंडात शिरायची. ती सरळ रेषेत शिरावी म्हणून तू तोंडाला कागदी नळ्यांची जाळी बसवलीस, कोल्ड्रिंकवाल्याकडून घाऊक आणलेल्या. "मरोळचे लोक तवापासून बाटलीला तोंड लावून पितात," असं तू येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगायचास. पाहुणे हसायचे आणि मग तुझ्याच खोलीत तासभर रमायचे. माझ्या टेबलापाशी रमून उभा राहिलेला पाहुणा मला आठवत नाही.

बोगद्याच्या आत, डाव्या कडेला, वाऱ्याकडे तोंड केलेली एक बारीक पितळी नळी होती. वारा तिच्यात शिरला की रबरी नळीने तो दाब बाहेर यायचा आणि तिरक्या काचनळीतलं लाल स्पिरिट वर सरकायचं. ते स्पिरिट सांगेल तो खरा वारा. वाट्या किती फिरतात ते मोजायचं, स्पिरिट किती चढलं ते वाचायचं आणि दोन्ही ताडून बघायचं. ती काचनळी तू बोगद्याच्या तोंडाशी, डाव्या हाताच्या भिंतीवर ठोकलीस. तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर. मी टाचा वर करकरून बघायचे, तरी मला स्पिरिटचा खालचा काठ दिसायचा आणि आकडे नाहीत.

"मला काही दिसत नाही रे," मी म्हणाले.

"तुला कशाला बघायचं? तू तुजा कागद बघ."

चेष्टेत म्हणालास, पण मला लागलं. मी स्टूल आणलं नाही. हट्टाने आणलं नाही.

आणि मग तो आकडा. वाट्या वाऱ्यापेक्षा हळू फिरतात, म्हणून वाट्यांच्या वेगाला एका आकड्याने गुणलं की वारा मिळतो. आपण त्याला गुणक म्हणायचो. माझ्या गणिताने गुणक जरा मोठा यायचा, तुझ्या बोगद्यातून जरा लहान. फरक शंभरात दोन-तीनचा. "इतने में क्या बिगडता है?" शेठ विचारायचे आणि आपण दोघं एकदम म्हणायचो, "बिघडतं." पंधरा वर्षांत आपलं एकमत झालेली ती बहुधा एवढीच गोष्ट.

प्रत्येक यंत्राच्या खोक्यात गुणकाची एक चिठ्ठी जायची. तिच्यावर आकडा तुझा असायचा. मी शेठपुढे माझी पानं ठेवली की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "कागज रहने दो बेन, पास्कल क्या बोलता है?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की अजूनही कुठे 'पास्कल' म्हटलं की त्याच्यामागे 'क्या बोलता है' आपोआप ऐकू येतं. तुला कोणी कधी विचारलं नाही, की कुमुद काय म्हणते.

मी म्हणायचे बोगदा वाकडा आहे. तू म्हणायचास माझं गणित वाकडं आहे. पण माझं ऐकून तू बोगदा तपासायचास, हे मात्र कबूल करायला हवं. पुन्हा पुन्हा तपासायचास. जाळीच्या नळ्या बदलल्यास. पंख्याची पाती घासलीस. दाराच्या फटीत गोणपाटं कोंबलीस, खिडकीला कागद चिकटवलेस. मग अगरबत्ती पेटवून तोंडाशी धरलीस. धूर मधून सरळ सुतासारखा जायचा आणि डाव्या कडेला किंचित रेंगाळायचा. "फट हाय कुठंतरी," तू म्हणायचास आणि पुन्हा फट शोधायला लागायचास. तुझ्या अंगाला अगरबत्तीचा वास यायचा. रेजीना एकदा मला म्हणाली, "आमच्याकडे चर्चमध्ये पण एवढा धूर नाय करत."

चंद्रावर माणूस उतरला त्या दिवशी सगळा कारखाना रेडिओभोवती गोळा झाला होता. आपण दोघं तुझ्या खोलीत, त्याच आकड्यावरून, एकमेकांवर आवाज चढवून. शेठ दारात येऊन उभे राहिले. "लोग चांद पे पहुँच गये," ते म्हणाले, "और तुम दोनों अभी तक कटोरी पे अटके हो." तू हसलास. मी हसले नाही, मी तेव्हा जिंकायच्या बेतात होते.

वर्सोव्याचं भांडण मात्र मी जिंकले, ते तू कधी मोठ्याने मान्य केलं नाहीस इतकंच. माझं म्हणणं होतं की झोत आला की वाट्या लगेच वेग घेतात, पण झोत ओसरला की तो वेग लवकर सोडत नाहीत, म्हणून सोसाट्याच्या वाऱ्यात त्या वाऱ्यापेक्षा जास्तच सांगतात. बोगद्यात हे कळणार नाही, कारण बोगद्यातला वारा शहाण्यासारखा एकसारखा वाहतो. मग आपण खाडीच्या तोंडाशी जाऊन बांबू उभा केला, नेमका बोंबील वाळत घातलेल्या वलांडीच्या शेजारी. तिथल्या मावशींनी आपल्याला बांबूसकट दोनदा हलवलं. "वारा काय इथंच भेटतो काय रे तुमाला?" तिसऱ्यांदा जागा मिळाली. झोत आला, वाट्या भणाणल्या. झोत गेला, पाण्यावरची शिरशिरी निवली, शेजारचं फडकं खाली पडलं, आणि वाट्या आपल्या फिरताहेत, फिरताहेत. मी तुझ्याकडे बघितलं. तू बराच वेळ बघत राहिलास आणि म्हणालास, "अगदी तुझ्यासारख्या हायेत. राग चढतो पटकन, उतरायला दिवस लागतो."

तेवढंच. 'तू बरोबर होतीस' हे तीन शब्द तुझ्या तोंडून निघाले नाहीत. डब्यातले रेजीनाचे फुगे मात्र सगळे माझ्यासमोर ठेवलेस. तुमच्या त्या गोल, पोकळ, तळलेल्या पावांसाठी मी जीव टाकते, हे तुला ठाऊक होतं.

आणि मग ते रॉकेट.

दक्षिणेत समुद्रकाठी रॉकेट सोडणाऱ्यांना आपली यंत्रं हवी होती. त्यांचं रॉकेट बिनसुकाणूचं. एकदा सुटलं की वारा ढकलेल तसं कलतं. म्हणून सोडायच्या आधी उंच मनोऱ्यावर वारा मोजायचा आणि त्या हिशेबाने रॉकेट आधीच थोडं तिरकं धरायचं. मनोऱ्यावर वाट्या कशा वागतील, मनोराच डोलला तर आकडा किती हलेल, हे सगळं मी तीन महिने खपून काढलं होतं. माझी पानं त्यांच्याकडे गेली. त्यांचं उत्तर आलं, यंत्रं बसवायला माणूस पाठवा. शेठनी तुला पाठवलं. मला म्हणाले, "बेन, वहाँ लेडीज का रहने का बंदोबस्त नहीं." बस, एवढं एक वाक्य.

तू निघालास त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही. तू टेबलापाशी येऊन उभा राहिलास आणि माझ्या खिडकीचा उजेड अडवलास. मी मान वर न करता म्हटलं, "बाजूला सर." तू सरलास आणि गेलास. ते दिवस मी काय काय चिंतलं तुझ्याबद्दल! गाडी चुकावी, पोट बिघडावं, मनोरा चढताना पाय लटपटावेत. पडावास असं नाही चिंतलं, नुसते लटपटावेत.

परत आलास तो काळाठिक्कर होऊन. सगळ्यांनी तुला घेरलं. कसं दिसतं, आवाज केवढा, आग केवढी. तू त्यांना काहीबाही सांगितलंस. मग माझ्याकडे आलास.

"काय, बघितलंस ना डोळे भरून?" मी म्हणाले.

"नाय गो."

"म्हणजे?"

"सुटलं तवा मी वर बघितलंच नाय. वाट्यांकडं बघत होतो. धक्क्याने काय करतात ते बघायचं होतं ना. वर बघेपर्यंत धूर उरला."

मी पेटले. तुला पाठवलं, मला नाही पाठवलं, आणि तू मान वर केली नाहीस! मी तुला काय नाही ते बोलले. बैल म्हणाले. तुझ्या जागी मी असते तर मान मोडेपर्यंत वर बघितलं असतं. तू ऐकून घेतलंस आणि मग धक्क्याने वाट्या कशा थरथरल्या ते मला टेबलावर चमचा नाचवून दाखवलंस.

पास्कल, आता मला एक शंका येते. तू खरंच वर बघितलं नव्हतंस, की मला कमी जळायला लागावं म्हणून तसं म्हणालास? विचारायचं राहून गेलं. तुझा स्वभाव बघता दोन्ही खरं असू शकतं, आणि मला त्यातलं एकही सोसत नाही. खरंच बघितलं नसशील तर ते रॉकेट फुकट गेलं. बघून नाही म्हणाला असशील तर माझ्या हेव्यावरही तू दया केलीस, आणि मग मी हेवा तरी कशाचा करू?

असंच तू वागायचास. मंदी आली तेव्हा शेठ म्हणाले होते, की टेस्ट आपल्याकडे आहे, मग गणिताचं टेबल कशाला हवं. हे मला नंतर फिटरकडून कळलं. तू त्यांना म्हणालास, "मना चुकीचा बोलणारं कोण तरी पायजे ना कारखान्यात. ती गेली तर मी पण चाललो." मला यातलं अवाक्षर बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आलास आणि माझं गणित वाकडं म्हणालास. माणसाने निदान थोडं तरी वाईट असावं रे. समोरच्याला हेवा करायला जरा बूड टेकता येतं.

आता गेल्या आठवड्याचं.

त्याच रॉकेटवाल्यांनी आणखी यंत्रं मागवली आहेत. गुणक काढायचा तर बोगदा चालवायला हवा आणि चालवणारं मीच उरले. शेठनी किल्ली माझ्या हातात दिली. पंधरा वर्षं मला हवी होती ती किल्ली. खोली उघडली तर अगरबत्तीचा वास, खुंटीवर तुझी टोपी, कोपऱ्यात तुझा रिकामा डबा. बोगद्याच्या तोंडाशी, डाव्या हाताला, तुझ्या उभं राहण्याच्या जागेवरची जमीन तुझ्या चपलांनी घासून गुळगुळीत झाली आहे. मी त्या जागेवर उभी राहिले आणि अर्थातच मला काचनळी दिसेना. तुझ्या खिळ्यांना हात लावायचा धीर झाला, पण काचनळी खाली ठोकायचा झाला नाही. म्हणून मी ती काढली, रबरी नळीला लांब तुकडा जोडला आणि काचनळी मागे खिडकीपाशी टेबलावर मांडली. बसून वाचता येईल अशी. नळी लांबवली की आकडा बदलतो, असं आता म्हणू नकोस. नळी लांबवली की स्पिरिट चढायला जरा वेळ लागतो, चढतं तेवढंच. एवढं मलाही कळतं.

पंखा लावला. वाट्या फिरल्या. स्पिरिट चढलं, थांबलं. मी वाचलं, गुणलं, भागलं.

माझा आकडा आला.

पुन्हा केलं. पुन्हा माझाच. वेग कमी केला, वाढवला, यंत्र बदललं. माझा. तुझा नाही, माझा! पास्कल, मी तुझ्या खोलीत एकटी हात वर करून ओरडले. फिटर धावत आला, त्याला वाटलं शॉक लागला. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली ते झालं होतं आणि सांगायला तू नव्हतास. तुझं तोंड कसं झालं असतं ते मला बघायचं होतं. ते मला मिळायला हवं होतं.

मग मी बसून विचार केला. बोगदा तोच, पंखा तोच, नळ्यांची जाळी तीच. बदललं काय? आणि माझी नजर त्या गुळगुळीत जमिनीवर गेली.

तू बदललास, पास्कल. तू नाहीस, एवढंच बदललं. तू रोज बोगद्याच्या तोंडाशी डाव्या बाजूला उभा राहून आकडा वाचायचास आणि तुझा तो ऐसपैस देह डाव्या बाजूची हवा अडवायचा. पितळी नळी डाव्या कडेलाच होती. तिला वारा कमी लागायचा, मधल्या वाट्यांना पुरता लागायचा. फट दारात नव्हती, खिडकीत नव्हती. पंधरा वर्षं आपण दोघांनी गोणपाटं कोंबली, अगरबत्त्या जाळल्या, एकमेकांची अक्कल काढली, खोलीतली एकूण एक गोष्ट तपासली. उभा असलेला माणूस सोडून. मी तुला दिवसातून दहादा बाजूला सर म्हणायचे, फक्त तिथे कधी म्हणाले नाही.

खात्री करायला मी शेठना टेबलापाशी बसवलं आणि स्वतः जाऊन तुझ्या जागेवर उभी राहिले. शेठ चष्मा चढवून वाचत होते. आकडा जेमतेम केसभर हलला. माझ्या अंगाने वारासुद्धा अडत नाही. तिथेही मला तुझा हेवा वाटला.

शेठना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जाने दो बेन. थोडा सा फरक है. बेचारा चला गया, अब उसका नाम क्यों खराब करने का?"

"शेठ," मी म्हटलं, "आकडा चुकीचा आहे हे कळून तो तसाच ठेवला तर त्याचं नाव खराब होईल. तो असता तर आज रात्री झोपला नसता."

"और ये सब तू जीतने के लिये नहीं कर रही?"

"जिंकायला पण करतेय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू.

शेठ कबूल झाले, पण त्यांनी अट घातली. जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळवायचं तर कारण पक्कं हवं. नुसतं 'त्याच्या अंगामुळे' असं लिहिलं तर लोक हसतील. अंग उभं करून दाखवायला हवं.

तर परवा बस्त्याव आला, तुझा भाऊ. टोपी आणि डबा न्यायला. मी त्याला अंत्यविधीला लांबून पाहिलं होतं, नीट नव्हतं पाहिलं. दारात आला आणि दार भरलं. तेच खांदे, तीच मान, पोट तुझ्याहून थोडं कमी. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "एक काम कराल का माझं? फक्त उभं राहायचंय."

"कुठं?"

मी जागा दाखवली. त्याला काही कळलं नाही, पण तो भला माणूस आहे, तुमच्या घरात सगळेच दिसतात. जाऊन उभा राहिला. "असा?"

"जरा पुढे. डावीकडे. आता मान वर करून भिंतीकडे बघा, तिथे काहीतरी वाचताय असं."

त्याने टोपी हातात धरली होती. मग दोन्ही हातांना काही सुचेना म्हणून डोक्यावर घातली. मी पंखा लावला आणि टेबलापाशी येऊन बसले.

स्पिरिट चढलं आणि नेहमीच्या जागेच्या जरा खाली थांबलं. गुणक काढला. तुझा आकडा. पंधरा वर्षं प्रत्येक खोक्यात गेलेला तुझा आकडा, जवळजवळ जसाच्या तसा. म्हणजे मी जिंकले. कारण मिळालं, पुरावा मिळाला, उद्या सगळ्यांना कळवायला मोकळी झाले. तू खोटं वाचत नव्हतास, मी खोटं गणित करत नव्हते, आणि तरी बरोबर मीच होते.

मान वर केली तर समोर पाठ होती. टोपी, खांदे, भिंतीकडे बघणारी मान. पंख्याचा तोच आवाज. खोलीतला वारा त्याच्या अंगाला वळसा घालून, पंधरा वर्षांच्या सवयीने, थोडा थांबत थांबत आत शिरत होता.

"झालं का बाय?" बस्त्यावने मान न वळवता विचारलं. "सरू का बाजूला?"

"थांबा," मी म्हणाले. "थांबा जरा. अजून वाचतेय."

आकडा मी केव्हाच लिहून घेतला होता.